लालबत्ती वस्तीत वाढणाऱ्या मुली : आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या कामाठीपुरा, फॉकलंड रोड, पिला हाऊस या पट्ट्यात आम्ही काही जणी मुलींसाठी संध्याकाळी उघडणारं आणि सकाळी बंद होणारं केंद्र चालवतो. फोनवर, शाळेच्या व्हरांड्यात, एवढंच काय लग्नाच्या पंगतीतही लोक तेच तेच प्रश्न विचारतात. उत्तरं एकदाची लिहून ठेवलेली बरी, म्हणून हे पान. कायद्याच्या गोष्टी सोप्या करून सांगितल्या आहेत. प्रत्यक्ष प्रकरण हाताशी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना आणि मुलांना तिथे वकील मोफत मिळतो.

कामाठीपुरा तर संपला म्हणतात. मग या मुली आहेत कुठे?

संपला नाही, आटला आहे. चौदा गल्ल्यांपैकी बऱ्याच गल्ल्यांत आता बॅगांचे आणि जरीचे कारखाने, गोदामं आणि नुसती राहती कुटुंबं आहेत. रात्री दारात उभ्या राहणाऱ्या बायका ठरावीक गल्ल्यांत आणि फॉकलंड रोडला दिसतात. (या रस्त्याचं सरकारी नाव पठ्ठे बापूराव मार्ग. टॅक्सीवाल्याला ते सांगून पाहा.) बाकीचा धंदा भांडुपचं सोनापूर, तुर्भे, भिवंडी इकडे सरकला, लॉजमध्ये गेला, मोबाइलवर गेला.

वस्ती आटली म्हणून आमचं काम सोपं झालं, असं लोकांना वाटतं. झालंय उलटं. पूर्वी एका गल्लीत फिरलं की सगळ्या आया भेटायच्या, कोणाची मुलगी शाळेत जात नाही हे शेजारीण सांगायची. आता एखादी आई नालासोपाऱ्याला भाड्याच्या खोलीत राहते, संध्याकाळची लोकल पकडून कामावर येते, आणि मुलगी रात्रभर तिकडे एकटी किंवा कोणाच्या तरी भरवशावर असते. तिच्यापर्यंत पोचायला आम्हाला जास्त वेळ लागतो.

आईच्याच वाटेने मुलगी जाणार, हे ठरलेलं असतं ना?

नाही. हा प्रश्न लोक जितक्या सहज विचारतात तितक्याच सहज तो मुलीच्या कानावरही पडतो. आमच्या ओळखीच्या मुलींत नर्सिंग केलेल्या आहेत, मॉलमध्ये बिलिंगला बसणाऱ्या आहेत, लग्न करून कल्याणला संसार थाटलेल्या आहेत, आणि दहावी नापास होऊन घरी बसलेल्याही आहेत. म्हणजे कुठल्याही गरीब वस्तीत असतात तशाच. मुलगी या लाइनमध्ये येऊ नये म्हणून जिवाचं रान करणाऱ्या आयाच आम्ही जास्त पाहिल्या.

धोका मात्र खरा आहे. तो रक्तातून येत नाही, खोलीतून येतो. खोली एक, तीही घरवालीची (म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईची), बहुतेक वेळा पलंगाच्या हिशोबाने भाड्याने घेतलेली. आईने उचल घेतलेली असते. आई धडधाकट असेपर्यंत गाडी चालते. ती आजारी पडली, टीबी झाला, गर्भाशयाचं ऑपरेशन झालं की कमाई थांबते आणि व्याज चालूच राहतं. नेमक्या त्याच वेळी कोणीतरी मुलीकडे बोट दाखवतं: “पोरगी मोठी झाली की आता.” म्हणून आई आजारी पडली की आमचं लक्ष लगेच मुलीकडे जातं. औषधपाण्याची सोय आणि दोन महिन्यांचं भाडं वेळेवर मिळालं तर मुलगी वाचते. भाषणांनी वाचत नाही.

दुसरा धोका आईच्या ‘मालकाचा’, म्हणजे तिच्यासोबत राहणाऱ्या पुरुषाचा. मुलगी कधी त्याला बाबा म्हणते, कधी अंकल. सगळेच वाईट नसतात. काही जण शाळेची फीसुद्धा भरतात. पण आई रात्री बाहेर आणि मुलगी खोलीत त्याच्यासोबत, ही व्यवस्था आम्ही कधीच ठीक मानत नाही. तिसरा धोका अकरा ते सोळा या वयातला: बाहेर भेटलेला, रिचार्ज मारून देणारा, लग्नाचं आणि दुसऱ्या शहरातल्या नोकरीचं बोलणारा मुलगा.

काही आया उत्तर कर्नाटकातून, सांगली-सोलापूरकडून देवदासी परंपरेतून आलेल्या. त्यांच्या मुली आजीकडे गावी असतात, आणि यल्लम्माला मुलगी सोडण्याचा विषय तिथे निघतो. कर्नाटकात १९८२ चा आणि महाराष्ट्रात २००५ चा कायदा याला गुन्हा ठरवतो. सुट्टीत गावी गेलेली मुलगी जूनमध्ये शाळेत परत आली नाही तर आम्ही गावी फोन लावतो, ते एवढ्यासाठी.

मुलीला आईपासून लांब चांगल्या हॉस्टेलात का ठेवत नाही?

कधी ठेवतो. पण तो पहिला उपाय नाही.

लोकांच्या मनात चित्र साधं असतं: आई म्हणजे चिखल, हॉस्टेल म्हणजे काठ. मुलीच्या मनात ते तसं नसतं. अंगावर ताप असताना डोक्याशी बसलेली बाई तिची आईच असते. पाच-सहा वर्षांच्या मुलीला “तुझी आई वाईट जागी राहते” एवढ्या कारणावरून उचलून नेलं की ती दोन गोष्टी शिकते. आई लाजिरवाणी आहे, आणि आईने आपल्याला सोडलं. अशी मुलगी चौदाव्या वर्षी संस्थेची भिंत ओलांडून परत त्याच गल्लीत येते, आणि तेव्हा तिच्या पाठीशी ना आई असते ना संस्था.

कायदाही असं सरसकट वेगळं करायला सांगत नाही. १९९७ च्या गौरव जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या मुलांना समान संधीचा, सन्मानाचा आणि संरक्षणाचा हक्क आहे, आणि कपाळी डाग न लागता त्यांना मुख्य प्रवाहात येता आलं पाहिजे, असं म्हटलं. या व्यवसायातल्या बायकांच्या हक्कांबद्दलच्या बुद्धदेव कर्मासकर प्रकरणात, मे २०२२ च्या आदेशात न्यायालयानेच नेमलेल्या समितीची शिफारस नोंदवलेली आहे: आई या व्यवसायात आहे एवढ्याच कारणाने मूल तिच्यापासून तोडू नये, आणि वस्तीत मूल सापडलं म्हणजे ते पळवून आणलेलंच असेल असं गृहीत धरू नये. ती शिफारस म्हणूनच वाचावी, पण पोलीस ठाण्यात बोलताना कामाला येते.

मग हॉस्टेल केव्हा? खोलीतच धोका असेल, आई व्यसनात पूर्ण बुडाली असेल, ती दीर्घ आजारी असेल, किंवा मुलगी मोठी झाली आणि आई स्वतः म्हणाली, “ताई, आता हिला इथनं काढा.” हे शेवटचं कारण सगळ्यांत जास्त वेळा येतं. तेव्हाही आईला जागा दाखवून आणायची, भेटीचे वार ठरवून घ्यायचे, फोन चालू ठेवायचा. आणि कागदावर अंगठा उठवण्यापूर्वी तो कागद काय आहे हे कोणाकडून तरी वाचून घ्यायचं. मुलीला संस्थेत राहायला पाठवणं वेगळं आणि बाल कल्याण समितीपुढे (हिच्याबद्दल पुढे सांगितलं आहे) मूल कायमचं सोपवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात फेरविचाराला दोन महिने मिळतात, नंतर मूल दत्तक जाऊ शकतं. हा फरक न कळता सही करणाऱ्या आया असतात, आणि त्यांना तो कोणी समजावून सांगत नाही.

रात्रीचं केंद्र म्हणजे नेमकं काय?

‘प्रेरणा’ या संस्थेने १९८८ साली कामाठीपुऱ्यात असं पहिलं केंद्र सुरू केलं. कल्पना इतकी सरळ की ती त्याआधी कोणाला का सुचली नाही याचंच नवल वाटतं: आईच्या कामाची वेळ हीच मुलीच्या धोक्याची वेळ, तर तेवढा वेळ मुलगी दुसरीकडे असावी.

सहाच्या सुमाराला आया मुलींना सोडायला येतात. कोणाचा मेकअप अर्धा झालेला असतो. त्या ओढणी चेहऱ्यावर ओढून उंबऱ्यापाशीच थांबतात, मुलीच्या वेणीचा सुटलेला रबर नीट करतात आणि मागे न बघता निघतात. आत हातपाय धुणं, चहा-बिस्किट, अभ्यास, जेवण, थोडी दंगामस्ती, झोप. सकाळी उठून अंघोळ, डबा, तिथूनच शाळा.

दप्तर केंद्रातच राहतं. बाहेरून येणाऱ्यांना याचं महत्त्व कळत नाही. खोलीत पलंगाखाली ठेवलेली वही सकाळी गिऱ्हाइकाच्या चपलेचा ठसा घेऊन बाहेर येते. दप्तराला स्वतःची खुंटी आणि रात्री वाचता येईल असा दिवा, यावर एका मुलीची सहामाही पास-नापास ठरते.

मुलीला न्यायला कोण येऊ शकतं हे आई लिहून देते, फोटोसकट. यादीत नसलेला माणूस कितीही ‘मामा’ असला तरी मुलगी त्याच्या ताब्यात जात नाही. या नियमावरून भांडणं झाली आहेत, पुढेही होतील.

शाळेच्या फॉर्मवर वडिलांचं नाव काय लिहायचं?

आया आम्हाला सर्वांत जास्त हाच प्रश्न विचारतात. खोटं नाव लिहू नका. कोणीतरी सुचवतं, “लिहा ना मालकाचं नाव, काय फरक पडतो?” पडतो. दहावीच्या फॉर्मवर, जातीच्या दाखल्यावर, पासपोर्टवर तेच नाव मागे लागतं, आणि तो माणूस तोवर निघून गेलेला असतो. वर त्याने मुलीवर हक्क सांगितला तर आणखी पंचाईत.

आईचं नाव पुरतं. एकट्या आईला मुलाची पालक म्हणून मान्यता मिळते आणि जन्माच्या दाखल्यासाठी बापाचं नाव सांगायची सक्ती तिच्यावर करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे. पासपोर्टला २०१६ पासून एका पालकाचं नाव चालतं. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात तर आईचं नाव लावणं सक्तीचंच झालं. तरी शाळेच्या खिडकीवर बसलेला माणूस “बाप?” असं विचारणारच. तेव्हा आईसोबत जा, पण बोलू द्या आईला.

जन्माचा दाखला नसेल तरी सहा ते चौदा वयाच्या मुलीला शिक्षण हक्क कायद्याखाली प्रवेश नाकारता येत नाही. दवाखान्याची नोंद, अंगणवाडीची नोंद, किंवा पालकाने वयाबद्दल दिलेलं लेखी निवेदन चालतं. मुलगी नऊ वर्षांची असेल आणि कधीच शाळेत गेली नसेल तर तिला पहिलीत बसवायचं नाही. वयाच्या वर्गात घालून मागचा अभ्यास वेगळा शिकवायचा, अशी तरतूद आहे. जन्माची नोंद मात्र मागाहून करून घ्याच. वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत सगळीकडे जन्मदाखलाच दाखवावा लागणार आहे. नायरला किंवा जे.जे.ला बाळंतपण झालं असेल तर डिस्चार्जचा कागद जपून ठेवा. एवढी एक सवय लागली तरी पुढची निम्मी डोकेदुखी टळते.

आईकडे आधार नाही, रेशनकार्ड नाही. मुलीचं कसं होणार?

आधी आईचं करून घ्या. राहण्याचा पुरावा नसलेल्या, या व्यवसायातल्या बाईला एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याच्या ठरावीक नमुन्यातल्या प्रमाणपत्रावर आधार मिळतं, आणि कार्डावर व्यवसायाचा उल्लेख कुठेही येत नाही. रेशनकार्ड आणि मतदार ओळखपत्र द्यावं असंही सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. मुलीचं बाल आधार आईच्या आधाराला जोडून निघतं. बोटांचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी द्यावे लागतात, ते विसरू नका.

सरकारी पैसा काही मिळतो का?

मिळतो, फेऱ्या मारायची तयारी हवी. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत मुलीमागे महिन्याला २२५० रुपये मिळतात, आणि मुलगी कुटुंबातच राहते हे त्यातलं महत्त्वाचं. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात, मंजुरी बाल कल्याण समितीची.

‘लेक लाडकी’ ही योजना १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी: जन्माच्या वेळी ५०००, पहिलीत ६०००, सहावीत ७०००, अकरावीत ८००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,०००. पण पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड लागतं, आणि आमच्या निम्म्या कामाचं घोडं तिथेच अडतं. कॉलेजसाठी २०२४ पासून ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी माफ आहे. त्यासाठीचा जातीचा दाखला काढायला गेलं की वडिलांकडच्यांचे जुने कागद मागतात. यावर सोपा उपाय नाही. दहावीपर्यंत थांबू नका, आठवीतच हालचाल सुरू करा.

अनाथ प्रमाणपत्र घेऊन एक टक्का आरक्षण मिळवता येईल का, असंही विचारतात. आई हयात आहे. जिवंत आईला कागदावर मारायचं नाही.

सरकारला मनात आलं तर सगळं जमतं, हेही आम्ही पाहिलं आहे. २०२०च्या लॉकडाउननंतर महाराष्ट्राने या बायकांना तीन महिने दरमहा ५००० रुपये आणि शाळेत जाणारी मुलं असणाऱ्यांना वर २५०० जाहीर केले होते.

मी शिक्षिका आहे. माझ्या वर्गात अशी मुलगी आहे असं वाटतं. काय करू?

काहीच वेगळं करू नका, हे पहिलं. वर्गात सगळ्यांसमोर “आई काय करते?” हा प्रश्न विचारायची खरं तर कोणालाच गरज नसते. निबंधाला ‘माझे बाबा’ दिलं तर ‘माझी आवडती व्यक्ती’ हाही पर्याय ठेवा. पालक सभेला आई आली नाही तर मुलीला जाब विचारू नका. सकाळी आठची सभा असेल तर आई नुकतीच झोपलेली असते. दुपारी दोनला बोलवा, येईल.

लक्ष कशावर ठेवायचं? सलग गैरहजेरी. वर्गात झोप. अचानक नवा मोबाइल, नवे दागिने. एकदम गप्प होणं, किंवा वयाला न शोभणारं बोलणं. पोट दुखतंय म्हणून वारंवार घरी जाणं, किंवा उलट, शाळा सुटल्यावर घरी न जाणं. यातलं एखादं दिसलं म्हणून लगेच निष्कर्ष नको. एकटीशी, दार उघडं ठेवून, साधं बोला. “काय झालं?” यापेक्षा “जेवलीस का?” ने सुरुवात केली तर जास्त कळतं.

आणि स्टाफरूममध्ये ही माहिती वाटू नका. एका शाळेत चहाच्या वेळी निघालेला विषय मधल्या सुट्टीत सातवीच्या वर्गात पोचला, आणि त्या मुलीने शाळाच सोडली.

मुलीवर अत्याचार झाला आहे असा संशय आहे. कोणाला सांगायचं?

१०९८ वर फोन करा. ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालते. (तिची सुरुवात १९९६ मध्ये मुंबईतच झाली होती.) जीव धोक्यात असेल तर ११२. मुंबई पोलिसांची महिला-मुलांसाठीची १०३ सुद्धा आहे. थेट ठाण्यातही जाता येतं. या पट्ट्यात नागपाडा आणि डी. बी. मार्ग. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवलं तर झीरो एफआयआर (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा) मागा.

अठरा वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं माहीत असून न कळवणं हा पोक्सो कायद्याखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या किंवा शाळेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत. खऱ्या समजुतीने दिलेली खबर पुढे सिद्ध झाली नाही म्हणून खबर देणाऱ्यावर कारवाई होत नाही. त्यामुळे “उगाच लचांड नको” हे कारण चालत नाही.

पुढे काय व्हायला हवं हे माहीत असू द्या, कारण घाईत सगळे विसरतात. जबाब मुलीच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे घ्यायचा. घेणारी शक्यतो महिला अधिकारी, उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाची, आणि गणवेशात नको. मुलीला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. तपासणी महिला डॉक्टरने करायची, मुलीच्या विश्वासाची व्यक्ती सोबत असताना. एफआयआर झाला नाही म्हणून रुग्णालयाला उपचार नाकारता येत नाहीत, आणि उपचार मोफत. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं. समिती मुलीला खटला संपेपर्यंत साथ देणारी सहायक व्यक्ती देऊ शकते. ती मागून घ्या. भरपाईसाठी मनोधैर्य योजना आहे, तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात.

तुम्ही काय करायचं नाही तेही सांगते. मुलीला पुन्हा पुन्हा सगळं सांगायला लावू नका. मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढू नका, ‘पुरावा’ म्हणूनही नाही. संशयित माणसाला परस्पर जाब विचारायला जाऊ नका, तो त्याच रात्री मुलीला घेऊन नाहीसा होतो. आणि “कोणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नका. “ज्यांना सांगायलाच हवं त्यांनाच सांगेन” एवढंच म्हणा.

बाल कल्याण समिती म्हणजे कोर्ट का? आया फार घाबरतात.

घाबरण्यासारखं नसावं, पण पहिल्यांदा गेल्यावर वाटतंच. अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात किमान एक बाई. शहरातल्या मुलांसाठीची समिती डोंगरीला बसते, उपनगरातल्यांसाठी मानखुर्दला. पोलिसांना किंवा कोणालाही काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलगी सापडली तर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत तिला समितीसमोर आणावं लागतं. समिती घरी भेट देऊन सामाजिक तपासणी अहवाल मागवते आणि मग मुलीने कुठे राहायचं ते ठरवते.

आईने काय न्यावं? स्वतःचं ओळखपत्र, मुलीचे शाळेचे आणि दवाखान्याचे कागद, असतील ते सगळे. आणि स्वच्छ उत्तरं. “घरकाम करते” असं सांगून अहवालात दुसरंच निघालं की विश्वास जातो. “मी या धंद्यात आहे, पण मुलगी रात्री केंद्रात झोपते, हे हजेरीचं रजिस्टर” हे वाक्य जास्त वजनदार ठरतं.

छापा पडला तर मुलींचं काय होतं?

१९९६ च्या फेब्रुवारीत मुंबईत मोठा छापा पडला, शेकडो मुली-बायका ताब्यात घेतल्या गेल्या, आणि एवढ्या जणींना ठेवायचं कुठे याची सोयच नव्हती. त्यातून बरंच शिकणं झालं. २००२ मध्ये ‘प्रेरणा’च्याच याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की सुटका झालेली अल्पवयीन मुलगी आरोपी नाही, तिला बाल कल्याण समितीकडे न्यायचं, आणि दलालांच्या पैशावर आलेल्या वकिलांना तिथे वाव नाही.

वस्तीत फक्त राहणारी मुलगी आणि धंद्यात ढकलली गेलेली मुलगी यांत छाप्याच्या गोंधळात फरक केला जात नाही. म्हणून शाळेचं ओळखपत्र, आईसोबतचा फोटो, केंद्राचं कार्ड यांच्या प्रती आम्ही आमच्याकडे ठेवतो. आई आपलंच मूल आहे म्हणत असेल आणि कोणाला शंका असेल तर ते नातं खरं का याची तपासणी करता येते.

अल्पवयीन मुलीची विक्री किंवा खरेदी झाल्याची कुणकुण लागली तर मात्र थांबायचं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९८ आणि ९९ खाली विकणारा आणि विकत घेणारा दोघेही गुन्हेगार आहेत, विकणारी सख्खी मावशी असली तरी.

आईच्या कमाईवर शिकणारी मुलगी अठराची झाली की गुन्हेगार ठरते, हे खरं का?

पिटा कायद्याचं (अनैतिक व्यापार प्रतिबंधाचा कायदा) चौथं कलम असं आहे: अठरा वर्षांवरच्या कोणीही दुसऱ्याच्या वेश्याव्यवसायाच्या कमाईवर जाणूनबुजून जगणं गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद. कलम आणलं दलालांना पकडायला. पण शब्द वाचले तर एफवायला शिकणारी मुलगीही त्यात बसते, म्हातारी आजीही बसते. हे कलम बदलायला हवं असं आमचं स्पष्ट मत आहे. तोवर अठरानंतर शिष्यवृत्ती किंवा अर्धवेळ काम मुलीच्या स्वतःच्या खात्यात येईल अशी सोय लावा.

“मी काय करते हे मुलीला सांगू का?”

हे आया विचारतात, दार लावून. आमचा अनुभव असा की मुलीला बहुधा माहीत असतं, आठ-नऊ वर्षांपासूनच. तिला माहीत आहे हे आईला माहीत नसतं, एवढंच. शाळेत कोणीतरी शिवी म्हणून सांगण्याआधी आईच्या तोंडून कळलेलं बरं. तपशील नकोत. “माझ्यावर अशी वेळ आली, मला हे काम करावं लागलं, तुझ्यावर येऊ नये म्हणून मी तुला शिकवते” इतकं पुरतं. मुलगी चिडेल, बोलणं टाकेल. थोडे दिवस जाऊ द्या.

आई एचआयव्हीसह जगत असेल तर तो विषय वेगळा ठेवा आणि समुपदेशकाच्या मदतीने बोला. २०१७ च्या कायद्याने त्या कारणावरून शाळेत किंवा दवाखान्यात भेदभाव करायला बंदी आहे.

सोळाव्या वर्षी चांगलं स्थळ आलंय. लग्न लावून दिलं तर सुटली ना मुलगी?

नाही. एक तर बेकायदा. दुसरं, वस्तीत चालून येणारी ‘हुंडा नको, मुलगी द्या’ छापाची स्थळं आम्ही दहादा तपासतो. मुलाचं गाव, काम, नातेवाईक, आधीचं लग्न. मुंबईबाहेर लगेच नेण्याची घाई असेल तर संशय पक्का समजा.

मुलग्यांचं काय?

त्यांनाही हेच सगळं लागू होतं, आणि त्यांच्याकडे कमी लोक बघतात. दलालीची पहिली कामं, म्हणजे गिऱ्हाइकाला सिगारेट-दारू आणून देणं, त्यांच्याच हाती येतात.

मुलीचा वाढदिवस वस्तीतल्या मुलींसोबत साजरा करायचा आहे. येऊ का?

भावना चांगली आहे. पण विचार करा: मुलींनी नटूनथटून अनोळखी मुलीसाठी टाळ्या वाजवायच्या, केक खायचा, फोटोला उभं राहायचं. एखाद्या डिसेंबरात असे कार्यक्रम इतके येतात की मुली विचारतात, “ताई, आज अभ्यास आहे का पाहुणे?” त्यापेक्षा आमचं तीन महिन्यांचं दूध भरा, दहावीच्या एका मुलीची गणिताची शिकवणी लावा, सॅनिटरी पॅड पाठवा, एखाद्या आईचं थकलेलं भाडं भरा. जुने कपडे पाठवायचे असतील तर तुमच्या मुलीने जे घातले असते तेच पाठवा.

फोटो नाही. पाठमोरा नाही, चेहरा धूसर केलेलाही नाही. अशा मुलीची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याने बंदी आहे, आणि गल्लीतली खिडकी किंवा शाळेचा गणवेश दिसला तरी ओळखणारे ओळखतात.

शिकवायला यायचं आहे.

या, पण एक शैक्षणिक वर्ष तरी. चार शनिवार येऊन नाहीशी होणारी माणसं या मुलींनी पुरेशी पाहिली आहेत. पोलीस पडताळणी लागते, एकट्या मुलीसोबत बंद खोलीत बसायचं नाही, वैयक्तिक नंबर द्यायचा नाही, घरी न्यायचं नाही. नियम बायकांनाही लागू, पुरुषांनाही. यावर ज्यांना राग येतो त्यांना आम्ही नम्रपणे निरोप देतो.

अठरा झाल्यावर संस्थेतून बाहेर. मग?

हा सगळ्यांत कच्चा दुवा. बाल न्याय कायद्यात २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सुटल्यावरच्या आधाराची, सोय आहे, जागा मात्र थोड्या. सतरावं लागलं की तयारी सुरू करायची: बँक खातं, नोकरी किंवा प्रवेश, मैत्रिणींसोबत भाड्याची खोली आणि तिच्या अनामत रकमेची व्यवस्था. अनामत भरायला कोणी नसतं म्हणून पगार असलेली मुलगी आईच्या खोलीत परतते, असं होतं. देणगीदारांनी याकडे बघावं.

पुनर्विकास झाला की प्रश्न आपोआप सुटेल?

म्हाडामार्फत कामाठीपुऱ्याचा पुनर्विकास होणार आहे. नवी घरं जागामालकांना आणि नोंद असलेल्या भाडेकरूंना मिळतील. पलंगापुरतं भाडं देणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच यादीत नसतं. तिचं बिऱ्हाड उठेल, आणि मुलीची शाळा सुटेल.

मुलगी काल रात्रीपासून सापडत नाही. २४ तास थांबायचं असतं ना?

मुळीच नाही, लगेच ठाण्यात जा. हरवलेल्या मुलाच्या बाबतीत अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं आहे. अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, मोबाइल नंबर, शेवटचं कोणाशी बोलली ते न्या. “पळून गेली असेल कोणाबरोबर, येईल” असं ऐकावं लागलं तरी एफआयआरची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. १०९८ ला कळवा, आणि मुंबई सेंट्रल आणि सीएसएमटीला रेल्वे पोलिसांनाही.

आई न सांगता दुसरीकडे राहायला गेली. मुलीची शाळा?

आधी आईचा फोन लागतो का पाहा. बंद असेल तर तिच्या मैत्रिणीकडे, पानवाल्याकडे, जिथे ती उधारीवर किराणा घ्यायची तिथे विचारा. सापडली की रागावू नका, घरवालीशी वाजलं म्हणून निघाली असेल. नवीन ठिकाणच्या जवळच्या पालिका शाळेत लगेच नाव घाला. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंत प्रवेश अडवता येत नाही; जुन्या शाळेतून तो आम्ही आणून देतो.